क्लीट डेकवरून उखडलं तेव्हा: शिडाच्या एका छोट्या होडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबई बंदरात शिडाच्या छोट्या होड्यांचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालतो. पावसाळ्यात होड्या वर काढून, उलट्या करून किंवा ताडपत्रीखाली ठेवतात आणि दुरुस्त्या त्याच काळात उरकतात. हे प्रकरण अशाच एका होडीचं आहे. मालक वडील आणि कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. दुरुस्तीच्या बहुतेक टप्प्यांना मी हजर होतो आणि निर्णयांच्या चर्चेतही होतो.

होडी सेकंडहँड एंटरप्राइझ. जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये आखलेला हा दोघांचा वर्ग, लांबी 4.04 मीटर, निळ्या शिडांवरून लांबूनही ओळखू येतो. मूळ आराखडा प्लायवूडचा. ही होडी मात्र फायबरची होती. तळ आणि बाजू एकपदरी फायबरच्या, डेक, म्हणजे होडीचा वरचा पृष्ठभाग, फोम सँडविचचं: वर फायबरचा पातळ थर, मध्ये फोम, खाली पुन्हा फायबर. दोन्ही बाजूंना बंद हवेच्या टाक्या. होडी कलंडली तरी तरंगती राहते ती या टाक्यांमुळे, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांत त्यांचा विचार करावा लागला.

आधीच्या मालकाने डेकवरची बरीच फिटिंग्ज बदलली होती. जिबची (पुढच्या छोट्या शिडाची) शीट, म्हणजे शीड आवळायची दोरी, अडकवायची दोन कॅम क्लीट (दोरी दातांत धरणारे चाप), त्यांच्याशेजारचे फेअरलीड (दोरी वळवणाऱ्या कप्प्या), मेनशीटचा (मोठ्या शिडाच्या दोरीचा) स्विव्हल, म्हणजे फिरता जोड, आणि पाय अडकवायच्या पट्ट्यांचे पॅडआय (पट्टे बांधायच्या पक्क्या कड्या), सगळं चकचकीत नवं होतं. होडी घेताना हे बघून बरं वाटतं. पण फिटिंग कुठल्या कंपनीचं यापेक्षा ते कशाने आणि कशाला धरलं आहे हे महत्त्वाचं, आणि ते वरून दिसत नाही.

अडचण

मार्चमधली दुपार. मुंबईत या दिवसांत दुपारनंतर वायव्येकडून समुद्राचा वारा चढतो, तसा तो चढला. दोघं परत येत असताना एका झोतात जिबचं शीड फडफडून एकदम भरलं आणि उजवीकडचं क्लीट स्क्रूंसकट डेकवरून उखडून आलं. मुलीने शीट हातात धरून ठेवली, वडिलांनी मेनसेल (मोठं शीड) ढिलं सोडलं आणि दोघं जपून परतले. कुणाला लागलं नाही.

किनाऱ्यावर पाहिलं तर डेकमध्ये दोन भोकं होती आणि त्यांतून तपकिरी पाणी ओघळत होतं. स्क्रू साधे, स्वतःचे आटे स्वतः पाडणारे, जेमतेम 20 मिलिमीटर लांब. त्यांनी वरचा पातळ थर आणि फोम एवढंच धरलं होतं. फोमला आटे धरत नाहीत. भोकांभोवती सिलिकॉन लावलेलं होतं, पण त्याचा पापुद्रा बोटाने सोलला गेला. म्हणजे पाणी आत जात होतं ते आजकालचं नव्हतं.

वडिलांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकून पाहिलं. चांगल्या भागात टणक आवाज, क्लीटच्या भोवती तळहाताएवढ्या जागेत बद्द आवाज. तिथे वरचा थर फोमपासून सुटला होता. मग बाकीची सगळी फिटिंग्ज एकेक करून तपासली. पट्ट्यांच्या पॅडआयचे स्क्रूही तसेच निघाले. ते अजून उखडले नव्हते इतकंच.

ताण किती आणि कुठल्या दिशेने

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यांचा पहिला अंदाज चुकीचा होता. वाऱ्याचा जोर फार झाला, म्हणून क्लीट तुटलं, असं वाटत होतं. एंटरप्राइझचं जिब सुमारे तीन चौरस मीटरचं. 15 नॉट वाऱ्यात त्याच्या शीटवर सलग ताण ढोबळ हिशोबाने 15 किलोच्या आसपास येतो. वारा दुप्पट झाला की ताण चौपट होतो, तरी तो आकडा दोन पाच-मिलिमीटर बोल्टसाठी फार नाही.

प्रश्न दिशेचा आणि झटक्याचा होता. शिडाकडून वरून येणारी शीट फेअरलीडमध्ये वळून आत कॉकपिटकडे, म्हणजे बसायच्या मधल्या खोलगट भागाकडे, जाते. दोरी काटकोनात वळली की वळवणाऱ्या फिटिंगवर दोरीच्या ताणाच्या सुमारे 1.4 पट भार येतो, आणि पूर्ण उलटी फिरली तर दुप्पट. त्यात शिडाची बाजू वर असल्याने हा भार फिटिंगला डेकवरून उचलायला बघतो. आडव्या ताणात स्क्रू बराच टिकतो, पण उभ्या ओढीत आट्यांनी जे धरलं असेल तेवढंच. शीड फडफडून एकदम भरतं तेव्हाचा झटका सलग ताणापेक्षा कितीतरी मोठा असतो.

पायाच्या पट्ट्यांची गोष्ट आणखी गंभीर. होडी सरळ ठेवायला बाहेर झुकलेल्या माणसाचं धड एका बाजूला, मांडीखाली डेकची कड टेकू, आणि दुसऱ्या टोकाला पावलावर पट्टा. त्या तरफेत पट्ट्याच्या पॅडआयवर जिबच्या शीटपेक्षा बराच जास्त ताण येतो. आणि तो सुटला तर माणूस पाठीवर पाण्यात. क्लीट उखडल्यामुळे तपासणी झाली आणि हे वेळेत कळलं.

पर्याय

वडिलांचा पहिला विचार सरळ होता: जाड आणि लांब स्क्रू, भोकात थोडं इपॉक्सी, विषय संपला. क्लबात होड्यांची कामं करणारे एक वयस्क कारागीर आहेत; मासेमारीच्या फायबर होड्यांवर त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांनी मान हलवली. मुलीला म्हणाले, ‘‘ताई, स्क्रू मोठा केलास तर भोक मोठं होईल. धरायला खाली काय आहे ते सांग.’’

दुसरा पर्याय, क्लीट डेकवरून काढून मधल्या आडव्या बाकावर बसवणं. तिथे खालून हात जातो, बोल्ट आरपार घालता येतात. पण मग शीटचा कोन बदलतो, आणि पट्ट्यांचा प्रश्न तसाच राहतो.

तिसरा पर्याय, डेकमधून आरपार बोल्ट आणि खालून पट्टी. हाच बरोबर, हे सगळ्यांना पटत होतं. अडचण अशी की डेकखाली बंद टाकी. आत हात घालायचा तर टाकीला भोक पाडून तपासणीचं झाकण बसवायला हवं. ज्या टाकीच्या हवाबंदपणावर होडीचं तरंगणं अवलंबून, तिलाच भोक पाडायचं. वडील इथे बराच वेळ अडले आणि त्यांचं अडणं रास्त होतं.

झुकतं माप झाकणाकडे गेलं ते मुलीच्या प्रश्नामुळे: ‘‘बाबा, टाकी आत्ता कोरडी आहे हे आपल्याला कुठे माहीत आहे?’’ खरंच, ते कुणालाच माहीत नव्हतं. बंद टाकी उघडून बघता येत नाही, आणि जुन्या स्क्रूंची भोकं तिच्यात उतरत असतील तर ती बंद नव्हतीच. झाकण असलं की पाणी आलं तर दिसतं, काढता येतं, आणि प्रत्येक सफरीनंतर उघडून टाकी वाळवता येते.

झाकण कुठे, हा पुढचा मुद्दा. डेकवर बसवलं तर त्यावर पाणी साचतं आणि कुणीतरी पाय देतं. म्हणून टाकीच्या आतल्या उभ्या भिंतीवर, कॉकपिटच्या बाजूला ठरलं. होडी कलंडली की ते पाण्याखाली जातं हे खरं, पण तेव्हा डेकवरचंही गेलंच असतं. आकार चार इंच की सहा, यावर मुलीने पुठ्ठ्यात दोन्ही गोल कापून हात घालून पाहिला. चार इंचांतून हात जातो, पण पाना धरलेली मूठ वळत नाही. सहा इंच ठरलं.

सामान

कारागिरांनी मुलीला सोबत नेऊन खरेदी केली. नागदेवी स्ट्रीटवर नुसतं ‘एसएस बोल्ट’ म्हटलं की 304 प्रतीचा माल पुढे येतो. खाऱ्या पाण्यासाठी 316 हवा, त्यात मॉलिब्डेनम असतं. चुंबक लावून या दोघांतला फरक कळतो, हा फार पसरलेला गैरसमज आहे. माथ्यावर ए4-70 अशी खूण असलेले बोल्ट मागून घेतले. ए2 खुणेचे परत दिले.

खालच्या पट्टीसाठी वडिलांच्या मनात अॅल्युमिनियम होतं. ते टाळलं, कारण स्टीलचा बोल्ट, अॅल्युमिनियम आणि खारट ओल एकत्र आले की अॅल्युमिनियम खाऊन जातं, आणि तेही टाकीच्या आत, जिथे रोज नजर जात नाही. लोहार चाळीत विजेच्या इन्सुलेशनसाठी विकतात ती ग्लास-इपॉक्सी शीट, 6 मिलिमीटर जाडीची, घेतली. ती गंजत नाही, दबत नाही, आणि करवतीने कापता येते. कापताना मास्क मात्र लावायलाच हवा; ती धूळ छातीत जाणारी आहे.

रेझिनवरून थोडा वाद झाला. कारागिरांच्या हाताला पॉलिएस्टर रेझिनची सवय, आणि नवी होडी बांधताना ते उत्तम काम करतं. पण जुन्या, वाळलेल्या फायबरला ते इपॉक्सीइतकं चिकटत नाही. निर्णय पुढे आपोआप झाला: टाकी उघडल्यावर आत थर्माकोलचे ठोकळे निघाले. पॉलिएस्टरमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. एक थेंब तुकड्यावर टाकून कारागिरांनी स्वतःच पाहिला, ठोकळ्याला खड्डा पडला, आणि इपॉक्सीवर एकमत झालं.

जागा ठरवणं

जुनीच भोकं वापरायची की नवी जागा? घाईत लोक जुनीच वापरतात. इथे भोक पाडायच्या आधी एक चांगली गोष्ट केली. फेअरलीडचा ब्लॉक स्क्रूने न बसवता पातळ, मजबूत दोरीने जागच्या जागी बांधला आणि हलक्या वाऱ्यात दोन-तीन जागा बदलून शीड पाहिलं. शीटची रेघ शिडाच्या कोपऱ्यातून पुढे वाढवली तर ती पुढच्या कडेला साधारण मध्यावर किंवा थोडी वर भेटायला हवी. होडी हळूहळू वाऱ्याकडे वळवली की पुढची कड वरपासून खालपर्यंत एकाच वेळी थरथरली पाहिजे. वरचा भाग आधी थरथरला तर ब्लॉक पुढे घ्यायचा, खालचा आधी थरथरला तर मागे. जुनी जागा दोन बोटं मागे होती. नवी जागा पेन्सिलीने नोंदली, आणि ती फुटलेल्या फोमच्या बाहेर, टणक डेकवर येत होती हे बघून सगळ्यांना हायसं वाटलं.

क्लीटचा कोन मात्र जमिनीवर ठरला. होडी ट्रॉलीवर, मुलगी समोरच्या डेकवर बसलेली, हातात शीट. सपाट क्लीटमध्ये दोरी दातांच्या वरून जात होती, अडकायला अवघड. म्हणून क्लीटखाली हाताकडे झुकणारी पाचर घातली. बसल्या जागी दोरी सहज अडकत होती, वर झटका दिला की सुटतही होती.

काम

झाकणाचं भोक जिगसॉने कापलं. निघालेली चकती कारागिरांनी जपून ठेवली: तिच्यावरून फायबरची जाडी मोजली आणि सीलंट नीट चिकटतं का तेही आधी तिच्यावरच पाहिलं.

डेकच्या भोकांची रीत अशी. टेप चिकटवून, ड्रिल आधी उलटं फिरवून वरचा जेलकोट (चकचकीत बाहेरचा थर) कापला, म्हणजे कडा तडकत नाहीत. मग 12 मिलिमीटरच्या बिटाने वरचा थर आणि फोम काढला, खालचा थर राखून. वाकवलेल्या खिळ्याने आजूबाजूचा फोम थोडा आणखी खरवडून काढला. ओली जागा उघडी ठेवून एप्रिलच्या उन्हात वाळवली. घाई असलेल्याला इथेच चटका बसतो, कारण ओल्या फोमवर ओतलेलं इपॉक्सी वरून टणक दिसतं आणि आतून सुटं राहतं. मग एरोसिल (सिलिकाची हलकी भुकटी) मिसळून दाट केलेलं इपॉक्सी त्या खड्ड्यात भरलं आणि ते पक्कं झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टचं भोक पाडलं. आता बोल्ट घट्ट केला की दाब फोमवर न येता त्या टणक खांबावर येतो, आणि समजा पाणी शिरलंच तरी त्याला फोमपर्यंत वाट नाही.

इपॉक्सी उन्हाळ्यात हातात धरायला वेळ देत नाही. एका सकाळी मोठ्या वाटीत एकदम जास्त कालवलं गेलं, ते तापून धुरावलं आणि फेकावं लागलं. त्यानंतर उजाडताच काम, थोडं-थोडं मिश्रण, आणि ते पसरट थाळीत.

सीलंटसाठी बुटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) निवडली. जुनं सिलिकॉन आधी पात्याने खरवडून आणि पॉलिश पेपरने घासून काढलं. त्याचा अंश राहिला तर वर काहीच चिकटत नाही. भोकाची वरची कड काउंटरसिंकने थोडी उतरती केली, म्हणजे टेपचा तिथे बोल्टभोवती गोल थर बसतो. वडिलांनी पॉलिसल्फाइड सीलंटची नळीही आणली होती. ती झाकणाच्या कड्याला वापरायची नाही असं ठरलं, कारण झाकण एबीएसचं, आणि पॉलिसल्फाइड त्या प्लास्टिकला खातं.

बसवताना बोल्टचं डोकं वर धरून ठेवलं आणि खालून नट फिरवला. बोल्ट फिरवला तर टेपचं सील पिळवटून तुटतं. नट हाताच्या पान्यानेच, आट्यांना ग्रीस लावून. एक नट इलेक्ट्रिक ड्रायव्हरने पटकन चढवायचा प्रयत्न झाला आणि तो अर्ध्यावर आट्यांशी एकजीव झाला. स्टीलवर स्टील कोरडं, जोरात फिरलं की असं होतं. तो बोल्ट हॅकसॉने कापावा लागला. बुटिल हळूहळू दबून बाहेर येत राहतं, म्हणून पुढचे काही दिवस रोज नट थोडा-थोडा आवळला.

पाण्यात उतरवण्याआधी दोन चाचण्या. टाकीत सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. कंप्रेसर जवळही आणला नाही. त्याने डेक उकलू शकतं. दुसरी चाचणी, प्रवासाच्या बॅगा तोलायच्या डिजिटल काट्याने शीटच्या दिशेनेच 45 किलो ओढून पाहिलं. क्लीट हललं नाही, डेकही वाकलं नाही.

निष्पत्ती

ऑक्टोबरपासून होडी पुन्हा पाण्यात. फिटिंग एकही सैल झालं नाही. पट्ट्यांवर दोघं पूर्ण झुकू लागले. दोन गोष्टी मात्र जमल्या नाहीत, आणि त्यांतली एक धोक्याची होती.

जोराच्या वाऱ्यात मुलगी बाहेर झुकली की तिचा हात बसलेल्या स्थितीपेक्षा बराच खाली येतो. पाचरीमुळे क्लीट वर बघणारं, आणि दोरी आता खालून ओढली जाणारी. झटका दिला तरी शीट सुटेना. झोतात जिब सोडता येत नसेल तर होडी कलंडणारच. एकदा होडी तशी कलंडायला टेकलीच, पण वडिलांनी वेळेत मेनसेल सोडलं.

दुसऱ्याच रविवारी झाकण उघडून पाचर काढली आणि निम्म्या उताराची बसवली. हे काम तासाभरात झालं. पूर्वीच्या बंद टाकीत त्यासाठी पुन्हा डेक फोडावं लागलं असतं. झाकणाबद्दल वडिलांना उरलेली शंका त्या दिवशी गेली.

दुसरी गोष्ट, डावीकडच्या झाकणातून टाकीत कपभर पाणी येतं. टाकीची भिंत तिथे किंचित वाकडी आहे आणि सपाट कडं तिच्यावर पूर्ण टेकत नाही. हवेच्या चाचणीत ते कळलं नाही, कारण झाकण तेव्हा नुकतंच घट्ट केलेलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी, क्लीटचा कोन. जागा ठरवताना जशी पाण्यावर चाचणी केली, तशीच कोनासाठी करायला हवी होती. ट्रॉलीवरची होडी कलत नाही आणि तिच्यावर कुणी झुकत नाही. किमान मुलीला पट्ट्यात पाय अडकवून, कडेबाहेर पूर्ण झुकवून शीट ओढायला सांगितलं असतं, तर पाचर जास्त आहे हे तिथेच कळलं असतं. ज्या फिटिंगवर संकटात हात जाणार आहे त्याची चाचणी संकटातल्या शरीराच्या स्थितीतच व्हावी, असं मला ठामपणे वाटतं.

झाकणाच्या जागी आधी धातूची पट्टी धरून भिंत सपाट आहे का पाहायला हवं होतं. वाकडी असेल तर इपॉक्सीने सपाट बैठक करून मग कडं बसवायचं. डावीकडे हे आता पावसाळ्यात होईल.

होडी घेतानाच पट्ट्यांच्या पॅडआयचा एक स्क्रू काढून पाहिला असता, तर बरंच काही आधी समजलं असतं. विकणाऱ्याची परवानगी घेऊन एक स्क्रू काढणं हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्याची लांबी, ओल, रंग यांवरून डेकची अर्धी हकीकत कळते.

एक निर्णय अजून व्हायचा आहे. उजवीकडच्या जुन्या भोकांभोवतीचा सुटलेला भाग फक्त बुजवला आहे, त्याखालचा फोम बदललेला नाही. तो पूर्ण काढायचा तर वरचा थर कापून नवा फोम घालावा लागेल, आणि त्यावर पुन्हा फायबर चढवावं लागेल. बद्द आवाजाची हद्द वडिलांनी मार्करने डेकवर आखून ठेवली आहे. होडी वर काढल्यावर ती पुन्हा ठोकून पाहतील. हद्द सरकली असेल तर डेक उघडायचं, नसेल तर आणखी एक हंगाम थांबायचं, असं त्यांचं आणि कारागिरांचं ठरलं आहे.